निवृत्तीची तारीख

खुर्सीपारच्या क्वार्टरमध्ये वाढलेल्या मुलांना आपण राहतो ते घर आपले नाही, हे फार उशिरा उमगते. अंगणातले पेरूचे झाड आईने लावलेले असते, भिंतीवर आपल्या उंचीच्या खुणा असतात, दाराला आपणच रंग दिलेला असतो. परंतु घर कारखान्याचे असते आणि वडील नोकरीत असेपर्यंतच आपल्याकडे असते. मला ही गोष्ट दहाव्या वर्षी कळली. समोरच्या ओळीतील एक काका निवृत्त झाले आणि काही महिन्यांनी ट्रकमध्ये सामान भरून त्यांचे कुटुंब निघून गेले. जाताना काकूंनी तुळशीचे रोप आमच्या आईच्या हाती दिले. पंधरवड्यात त्या घरी दुसरे कुटुंब आले.

भिलाईचा पोलाद कारखाना भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यातील करारातून उभा राहिला. करार फेब्रुवारी १९५५ मध्ये झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भाताच्या शेतांच्या जागी नगर वसले. आंध्र, ओडिशा, बिहार, केरळ, बंगाल, पंजाब अशा सर्व दिशांनी माणसे आली. छत्तीसगडची तर होतीच. भिलाईला ‘मिनी इंडिया’ म्हणतात ते यामुळेच. आमच्या गल्लीत तेलुगू, छत्तीसगढी आणि हिंदी अशा तीन भाषांतून भांडणे होत आणि मराठीतून ती मिटवली जात, असे आई अभिमानाने सांगे. मुंबई-हावडा लोहमार्ग गावातून जात असल्याने विदर्भातील तरुणांना भिलाई परकी वाटली नाही. माझे वडील १९६१ साली आमगावहून आले. आमगाव त्या वेळी भंडारा जिल्ह्यात होते; १९९९ पासून ते गोंदिया जिल्ह्यात आहे. गाडीत बसले की काही तासांचे अंतर. म्हणूनच, नोकरी संपली की आपण गावी परत जायचे, हे वडिलांनी मनाशी कधीच ठरवून टाकले होते.

नोकरी केव्हा संपणार हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. मनुष्याच्या आयुष्यातील महत्त्वाच्या तारखांपैकी आधीपासून माहीत असलेली तारीख बहुधा हीच. वडिलांची जन्मतारीख सेवापुस्तकात १ जुलै १९३९ अशी होती. खरी तारीख आजीलाही आठवत नव्हती. शाळेच्या गुरुजींनी त्या काळच्या रिवाजाप्रमाणे १ जुलै लिहून टाकली होती. आमच्या गल्लीत १ जुलैला जन्मलेले निदान सहा जण होते! कागदावरच्या त्या तारखेने त्यांच्या निवृत्तीचा दिवस ठरवला. त्या वेळी निवृत्तीचे वय ५८ होते, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला मनुष्य आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणजे ३० जून १९९७. ही तारीख वडिलांनी एका लांब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली होती. वही १९७६ पासूनची होती.

त्या वहीविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. तिच्यात रोजचा जमाखर्च नव्हता. डाव्या पानावर ‘बंद होणार’ आणि उजव्या पानावर ‘सुरू होणार’ असे दोन मथळे होते. निवृत्तीनंतर पगार बंद होणार हे कोणालाही कळते. परंतु पगाराबरोबर न दिसणारा पगारही बंद होतो, ही गोष्ट वडिलांच्या ध्यानात लवकर आली होती. क्वार्टरचे भाडे नाममात्र होते. वीज व पाणी यांनाही फारसा खर्च नव्हता. डाव्या पानावर या सर्वांची नोंद होती. उजव्या पानावर घरपट्टी, विजेचे पूर्ण दराचे बिल, घराची डागडुजी, औषधे, गावी जाण्यायेण्याचे भाडे आणि अगदी शेवटी ‘नातवंडे’ असा एकच शब्द होता. पुढे रक्कम लिहिलेली नव्हती. पुष्कळ लोक निवृत्तीनंतर किती पैसे मिळतील याचा हिशोब करतात. किती लागतील याचा करीत नाहीत. दुसरा हिशोब पहिल्याहून अवघड असतो, हे त्याचे कारण असावे.

मिळणाऱ्या पैशाचे गणित तसे सरळ होते. भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ सालचा. त्यानुसार कामगाराच्या मूळ वेतनातून व महागाई भत्त्यातून ठरावीक हिस्सा कापला जातो आणि मालक तेवढीच रक्कम आपल्याकडून घालतो. पूर्वी हा हिस्सा कमी होता; पुढे तो वाढत जाऊन सर्वसाधारणपणे १२ टक्के झाला. दुसरी रक्कम उपदानाची, जिला सगळेजण ‘ग्रॅच्युइटी’ म्हणतात. १९७२ च्या कायद्याने कामगाराला तिचा हक्क मिळाला. हे जुने कायदे आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले असले, तरी उपदानाचे मूळ सूत्र तेच आहे : सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी पंधरा दिवसांचे वेतन, आणि महिना २६ दिवसांचा धरायचा. समजा, एखाद्याचे शेवटचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये आहेत. म्हणजे एका दिवसाचे १,०००, पंधरा दिवसांचे १५,०००, आणि तीस वर्षांच्या सेवेचे साडेचार लाख. एवढा हिशोब ज्याला त्याला आपला आपण करता येतो, आणि कार्यालयातून कागद हाती येण्यापूर्वी तो करून ठेवावा.

तिसरी गोष्ट निवृत्तिवेतनाची. सरकारी कर्मचाऱ्याला मिळते तसे निवृत्तिवेतन कारखान्यातील कामगाराला नव्हते. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून सुरू झाली, म्हणजे वडिलांची नोकरी संपायला दीड वर्ष उरले असताना. त्यामुळे त्यांच्या वाट्याला दरमहा काही शे रुपये आले. सप्टेंबर २०१४ पासून किमान निवृत्तिवेतन १,००० रुपये झाले, तेव्हा त्यांचे वाढले. या योजनेत पात्र वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागतात. २०१४ मध्ये वेतनाची मर्यादा १५,००० रुपये ठरली. त्या मर्यादेने ३५ वर्षांची सेवा धरली तरी निवृत्तिवेतन ७,५०० रुपयेच होते. सूत्र समजले की भ्रम राहत नाही.

गावी परतण्याचा वडिलांचा बेत आईने मोडला. हा वाद आमच्या घरी १९८३-८४ मध्ये वर्षभर चालला. आई कधी आवाज चढवीत नसे. ती भाकरी थापता थापता बोले. “अहो, आमगावात आपलं कोण उरलंय? तुमच्या भावांची मुलं आपापल्या संसारात. इथे रात्री दुखलंखुपलं तर सेक्टर ९ चं रुग्णालय आहे, हाक मारली तर दहा माणसं धावून येतात. तिथे शेत आहे, पण शेताला हाक मारता येते का?” वडिलांजवळ उत्तर नव्हते. त्यांच्या मनात गाव होते ते १९६१ सालचे. शेवटी १९८४ मध्ये कोहक्याच्या बाजूला, जेथे तेव्हा शेतांखेरीज काही नव्हते, त्यांनी लहानशी जागा घेतली. पुढे भविष्य निर्वाह निधीतून घरासाठी अग्रिम काढून १९९१ मध्ये दोन खोल्या बांधल्या. निवृत्तीच्या आधी सहा वर्षे घर तयार होते. तोवर ते भाड्याने दिले आणि भाडे वेगळ्या खात्यात ठेवले. माझ्या मते वडिलांच्या साऱ्या योजनेत हाच निर्णय सर्वांत मोलाचा होता, आणि तो मुळात आईचा होता.

जून १९९७ च्या अखेरीस सत्कार झाला. शाल, नारळ, भिंतीवरचे घड्याळ. निवृत्त माणसाला घड्याळ का देतात हे मला अद्याप कळलेले नाही. त्यानंतर हाती रक्कम आली, आणि तिच्यामागोमाग माणसे आली. इतके दिवस न दिसलेले एक दूरचे नातेवाईक दुकानाचा बेत घेऊन आले. विमा विकणारे आले. गल्लीतील सर्वांचा लाडका असलेला एक तरुण कातडी पिशवी घेऊन आला आणि तीन वर्षांत पैसे दुप्पट करून देणाऱ्या एका कंपनीची पत्रके वाटून गेला.

वडिलांनी पत्रक वाचले आणि ७२ या संख्येचा उपयोग केला. ही युक्ती त्यांना कारखान्यातील एका हिशोबनिसाने शिकवली होती. ७२ ला वर्षांच्या संख्येने भागले की पैसा दुप्पट होण्यासाठी किती टक्के व्याज लागेल ते अंदाजे कळते. तीन वर्षांना २४ टक्के. सरकारचे किसान विकास पत्र दुप्पट व्हायला त्या वेळी साडेपाच वर्षे लागत होती, म्हणजे साधारण १३ टक्के. “सरकारला जमत नाही ते याला कसं जमतं, एवढं मला सांग,” असे त्यांनी त्या तरुणाला विचारले. तो हसला आणि शेजारच्या घरी गेला. शेजारच्या तेलुगूभाषक काकांनी आपल्या रकमेचा निम्मा भाग त्याच्या हवाली केला. पहिली दोन वर्षे व्याज वेळेवर येई आणि काका आम्हांला ते दाखवून थट्टाही करीत. मग एके दिवशी कार्यालयाला कुलूप लागले. तो तरुण स्वतःही बुडाला होता. आईच्या बांगड्याही त्याने त्यातच घातल्या होत्या. काकांनी त्यानंतर एका शाळेत रात्रीच्या पहाऱ्याची नोकरी धरली आणि ती ७० व्या वर्षापर्यंत केली. अशा फसवणुकीविरुद्ध छत्तीसगडने २००५ मध्ये ठेवीदारांच्या हितरक्षणाचा कायदा केला आणि २०१९ मध्ये अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा देशभर लागू झाला. कायदे हवेतच. परंतु रात्री बारा वाजता कंदील घेऊन फिरणाऱ्या काकांना त्यांचा उपयोग झाला नाही.

वडिलांनी आपली रक्कम एका जागी ठेवली नाही. दोन लाख रुपये डाकघराच्या मासिक उत्पन्न योजनेत गेले. दर १३ टक्के होता. महिन्याला २,१६६ रुपये येत. बाकीच्या पैशांच्या पाच लहान ठेवी केल्या, त्यांपैकी दरवर्षी एक परत मिळे. मध्येच गरज पडली तर मोठी ठेव मोडावी लागू नये, हा हेतू. हे सर्व चोख होते. तरीही जुलै २००३ मध्ये डाकघराची सहा वर्षांची मुदत संपली आणि वडील नूतनीकरणासाठी गेले, तेव्हा दर ८ टक्क्यांवर उतरला होता. तेच दोन लाख, तेच खाते, आणि महिन्याला १,३३३ रुपये. दरमहा ८३३ रुपयांची तूट. बाजारात डाळ आणि औषधे स्वस्त झाली नव्हती. मुदतीअखेर मिळालेल्या १० टक्के बोनसमधून त्यांनी गळके छप्पर दुरुस्त केले आणि वही पुन्हा उघडली.

त्या वहीत ज्याची नोंद नव्हती ती गोष्ट म्हणजे काळाची लांबी. वडिलांनी मनाशी दहा वर्षे धरली होती; त्यांचे वडील ६७ व्या वर्षी गेले होते, त्यावरून हा आकडा. प्रत्यक्षात ते २०१६ पर्यंत, म्हणजे निवृत्तीनंतर एकोणीस वर्षे जगले. आई आजही आहे. किमती दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढतात असे धरले, तर ७२ च्याच नियमाने त्या बारा वर्षांत दुप्पट होतात. ज्या घराला १९९७ मध्ये तीन हजार रुपये पुरत, त्याला २००९ मध्ये सहा हजार लागणार. निवृत्तीच्या दिवशी पुरेसे वाटणारे व्याज सगळे खाऊन टाकणे म्हणूनच धोक्याचे. वडिलांनी २००३ नंतर घराची एक खोली पुन्हा भाड्याने दिली आणि एका दुकानात सकाळचे तीन तास हिशोब लिहू लागले. ऑगस्ट २००४ मध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी ९ टक्के दराची बचत योजना सुरू झाली. तेव्हा ६५ वर्षांचे वडील पहिल्याच महिन्यात रांगेत उभे होते.

आता आईविषयी. ती शाळेत गेलेली नव्हती. १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले आणि त्यानंतरच्या वर्षांत आमच्या भागात जे वर्ग भरू लागले, त्यांत ती वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी अक्षरे शिकली. अक्षरे हिंदीच्या पुस्तकातून शिकली, पण लिपी एकच असल्याने घरी येऊन मराठी वाचू लागली. गल्लीतील बायकांची भिशी होती, हिंदीभाषक शेजारणी तिला ‘बीसी’ म्हणत. तिचा हिशोब आई तोंडपाठ ठेवी. अक्षरे आल्यावर तो कागदावर आला, आणि दोन जुनी भांडणे त्या कागदामुळे मिटली. निवृत्तीनंतर वडिलांनी एक नियम केला. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बँकेत दोघांनी जायचे, आणि पैसे काढण्याची चिठ्ठी आईने भरायची. पहिल्या वेळी तिला अर्धा तास लागला. मागे रांग होती, रोखपालाच्या कपाळावर आठ्या होत्या. वडील बाकावर शांतपणे बसून राहिले. मदतीला उठले नाहीत. मला तेव्हा हे कठोर वाटले होते. सगळी खाती दोघांच्या नावाने होती आणि प्रत्येक कागदावर वारसाचे नाव नोंदलेले होते. २०१६ मध्ये वडील गेल्यावर आईला कोणत्याही कार्यालयात दुसऱ्या फेरीची गरज पडली नाही. त्याच वर्षी आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला, केवळ वारसाची नोंद नव्हती म्हणून, स्वतःच्याच पैशासाठी दीड वर्ष हेलपाटे घालावे लागले.

आजचे खुर्सीपार वेगळे आहे. वडिलांसारखी कायम नोकरी थोड्यांच्या वाट्याला येते. कारखान्याच्या फाटकातून आत जाणाऱ्यांत कंत्राटी कामगार पुष्कळ असतात. त्यांनाही भविष्य निर्वाह निधी लागू आहे. कंत्राटदाराने भरणा केला नाही, तर मूळ मालकावर जबाबदारी येते. पण आपला भरणा होतो की नाही हे पाहण्यासाठी आपला खाते क्रमांक ठाऊक असावा लागतो. मी ज्या तरुणांना विचारले त्यांतील काहींना तो ठाऊक नव्हता, आणि वेतनातून कपात मात्र दर महिन्याला होत होती.

मागील वर्षी त्या तेलुगूभाषक काकांच्या सुनेशी बराच वेळ बोलणे झाले. ती शिवणकाम करते, वय २९. तिला मी असंघटित कामगारांसाठी २०१९ मध्ये सुरू झालेल्या श्रमयोगी मानधन योजनेविषयी सांगितले. २९ व्या वर्षी सामील होणाऱ्याने महिना १०० रुपये भरायचे, सरकारही तेवढेच घालते, आणि साठीनंतर महिना ३,००० रुपये मिळतात. तिने शिवणयंत्र थांबवले. “दीदी, एकतीस वर्षांनी तीन हजारांत काय येईल?” तिचा प्रश्न रास्त होता. किमती बारा वर्षांनी दुप्पट धरल्या तर त्या तीन हजारांची किंमत आजच्या पाचशे रुपयांएवढीच राहील. मी तसे तिला स्पष्ट सांगितले. मग आम्ही दोघींनी मिळून २०१५ च्या अटल पेन्शन योजनेचा तक्ता पाहिला. महिना ५,००० रुपयांच्या निवृत्तिवेतनासाठी अठराव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याला महिना २१० रुपये भरावे लागतात आणि चाळिसाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याला १,४५४. पहिल्याचे ४२ वर्षांत एक लाख सहा हजारांच्या आत भरून होतात. दुसऱ्याचे वीस वर्षांत साडेतीन लाखांच्या जवळ जातात. मिळते दोघांनाही तेवढेच. तिने दोन्ही आकडे कापडावर आखणी करण्याच्या खडूने टेबलावर लिहिले आणि पुष्कळ वेळ पाहिले. “माझा धाकटा दीर अठराचा आहे,” ती म्हणाली. स्वतःसाठी तिने वेगळा विचार केला. पहिल्या योजनेत शंभर रुपये, आणि दर दोन वर्षांनी शिलाईचे दर वाढवले की वाढीव पैशातला काही भाग भविष्य निर्वाहाच्या सार्वजनिक खात्यात, म्हणजे डाकघरातील पीपीएफमध्ये, पंधरा वर्षांसाठी. महागाईबरोबर तिचा दर वाढतो, तर तिची बचतही वाढली पाहिजे, हा तिचा तर्क होता. अर्थशास्त्राच्या पुस्तकात तो मी इतक्या सोप्या शब्दांत वाचला नव्हता.

आई आता ७८ वर्षांची आहे आणि कोहक्याच्या घरीच राहते. तिला दरमहा विधवा निवृत्तिवेतनाचे हजार रुपये, ज्येष्ठ नागरिक योजनेचे तिमाही व्याज आणि एका खोलीचे भाडे मिळते. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. कामाने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र घेत नसे, तेव्हा तिला तीन-तीन वेळा हात धुवायला लावीत; आता चेहऱ्यावरूनही ओळख पटते, म्हणून ते काम माझा मुलगा मोबाईलवर घरीच करतो. गेल्या दिवाळीनंतर तिने डाकघरात महिना पाचशे रुपयांची पाच वर्षांची आवर्ती ठेव सुरू केली. खिडकीवरच्या मुलाने मुदत नीट वाचून दाखवली आणि एकदा तिच्याकडे पाहिले. आईने अर्ज पुढे ओढला, वारसाच्या रकान्यात माझ्या भाचीचे नाव हळूहळू लिहिले आणि खाली सही केली.